अकरा लाख चाळीस हजारांची थकबाकी आणि वकिलाची निवड

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचे लहानसे मशीन शॉप आहे. यजमान आणि धाकटे दीर ते भागीदारीत चालवतात, हिशेब मी पाहते. पिंपरी-चिंचवडमधील पंप बनवणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडे नऊ बिलांचे मिळून ११ लाख ४० हजार रुपये थकले आहेत. सर्वांत जुने बिल दोन वर्षे सात महिन्यांपूर्वीचे आहे. लघुउद्योगांसाठी असलेली सरकारची उद्यम नोंदणी आम्ही २०२१ मध्येच केली आहे. दिवाळीत त्यांनी दिलेला तीन लाखांचा चेक परत आला, तेव्हा 'पुन्हा भरू नका, आरटीजीएस करतो' असे सांगून त्यांनी ५० हजार पाठवले. या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अडीच लाखांचा दुसरा चेकही परत आला. आता ते म्हणतात की माल रिजेक्ट झाला होता, आणि वर्षापूर्वीच्या मालाची डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम वजा केल्याचे पत्र, त्यांनी आत्ता पाठवली आहे. एक वकील म्हणतात, 'आधी फी नको, वसूल होईल त्यातले २० टक्के द्या.' दुसरे म्हणतात, 'पोलिसांत फसवणुकीची तक्रार करू, आठवड्यात पैसे येतील.' एका परिचितांनी दिवाळखोरीची नोटीस द्यायला सांगितले. यजमानांना वाटते की नोटीस दिली की संबंध तुटतील, कारण त्याच कंपनीची नवी ऑर्डरही आली आहे. चांगला वकील कसा शोधावा, आणि माल पाठवावा का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील एक गोष्ट सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती, म्हणून ती संपादकांमार्फत तुम्हाला आधीच फोनने कळवली आहे. इतर वाचकांसाठी ती येथे पुन्हा सांगतो. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत, चेकच्या रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस चेक देणाऱ्याला धाडावी लागते. नोटीस पोहोचल्यावर त्याला १५ दिवसांची मुदत मिळते, आणि त्या मुदतीत पैसे आले नाहीत तर पुढील एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेक, हुंडी यांविषयीच्या कायद्याच्या) कलम १३८ खाली तक्रार दाखल करावी लागते. तक्रारीला झालेला उशीर सबळ कारण असेल तर न्यायालय माफ करू शकते, पण नोटिशीचे ३० दिवस हुकले तर तो चेक या कलमापुरता हातातून गेला असेच समजावे. दिवाळीतल्या चेकचे नेमके हेच झाले. तो तीन महिन्यांच्या मुदतीत पुन्हा बँकेत भरून, पुन्हा परत आला असता, नव्याने नोटीस देता आली असती. 'पुन्हा भरू नका' या विनंतीचा खरा उपयोग कोणाला झाला हे आता तुमच्या लक्षात आले असेल. तो चेक आणि तो परत आल्याचा बँकेचा मेमो तरीही जपून ठेवा. दिवाणी दाव्यात, देणे त्यांना त्या वेळी मान्य होते हे दाखवण्यासाठी तो कामाला येईल.

दुसऱ्या चेकच्या नोटिशीत अडीच लाखांचाच आकडा हवा. संतापाच्या भरात संपूर्ण ११ लाख ४० हजारांची मागणी त्याच नोटिशीत चेकची रक्कम म्हणून लिहिली गेली, तर नोटीसच बाद ठरू शकते, कारण नोटिशीतील मागणी आणि चेकची रक्कम एकच असली पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्येही पुन्हा बजावले आहे. चेक कंपनीचा आहे, म्हणून नोटीस कंपनीला द्यावी आणि सही करणाऱ्या व कारभार पाहणाऱ्या संचालकांनाही पाठवावी. हे सारे तपशील साधे आहेत, पण वकील पारखण्याची पहिली कसोटीही तेच आहेत. पहिल्या भेटीत ज्या वकिलाने 'मेमो कोणत्या तारखेचा?' हे विचारण्याआधी फी सांगितली असेल, तेथून चहा पिऊन उठावे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. वसुलीसाठी वकील शोधताना बहुतेक जण 'केस जिंकाल ना?' हे विचारतात. तुमच्यासारख्या प्रकरणात, जेथे खरेदी आदेश आहे, बिल आहे, माल पोहोचल्याचा गेटवरचा शिक्का मारलेले चलन आहे, तेथे हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा दिवाणी न्यायालयाचा आदेश, मिळणे हा तुलनेने सोपा भाग असतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत. त्याची अंमलबजावणी करायची तर ऋणकोचे (देणेकऱ्याचे) बँक खाते, यंत्रसामग्री, येणी किंवा जागा दाखवून जप्ती मागावी लागते, आणि ती माहिती न्यायालय शोधून देत नाही, धनकोलाच (येणेकऱ्यालाच) आणावी लागते. अंमलबजावणीसाठी कायद्याने १२ वर्षांची मुदत दिली आहे, तेव्हा या टप्प्यावर प्रकरणे किती रेंगाळतात याचा अंदाज यावा. म्हणून वकिलाला विचारायचा प्रश्न हा की, 'हुकूमनामा मिळाला तर पैसे नेमके कशातून वसूल कराल, आणि ते वसूल करण्याजोगे काही शिल्लक आहे का, हे आज कसे तपासाल?' या प्रश्नावर जो वकील कागद पुढे ओढून लिहायला लागेल तो तुमच्या कामाचा. 'ते नंतर बघू' म्हणणारा विद्वान असेलही, पण वसुलीचे काम त्याचे नव्हे.

या तपासातील बराचसा भाग तुम्ही हिशेब पाहता म्हणून स्वतःच करू शकता, आणि तो वकिलाकडे जाण्यापूर्वी करावा असे मी आग्रहाने सांगेन. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या कंपनीचे नाव घालून संचालक कोण, कंपनी चालू स्थितीत आहे का, आणि तिच्या मालमत्तेवर कोणत्या बँकेचा बोजा नोंदवलेला आहे हे पाहता येते. यंत्रे आणि मालसाठा आधीच बँकेकडे तारण असतील, तर त्यावर तुमच्या आधी बँकेचा हक्क येतो, आणि मग जप्तीचा विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो, उदाहरणार्थ ती कंपनी ज्यांना पंप विकते त्यांच्याकडून तिला येणे असलेल्या रकमेकडे. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की विवरणपत्रे अलीकडच्या महिन्यापर्यंत भरली आहेत की थांबली आहेत हे दिसते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुणे जिल्ह्यात पक्षकाराच्या नावाने शोध घेतला तर आणखी किती पुरवठादारांनी त्यांच्यावर दावे वा चेकच्या तक्रारी केल्या आहेत हे कळते. एखाददुसरा दावा असेल तर ते नेहमीचे भांडण आहे. तक्रारींची रांगच लागलेली असेल तर तुम्हाला घाई करायला हवी. आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, त्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया आधीच सुरू झाली असेल, तर कंपनीविरुद्धचे दावे तेथेच थबकतात आणि तुम्हाला त्या प्रक्रियेसाठी नेमलेल्या व्यावसायिकाकडे मुदतीत आपला दावा नोंदवावा लागतो. चेकच्या प्रकरणात संचालकांविरुद्धची कारवाई मात्र तेव्हाही चालू राहू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

परिचितांनी सुचवलेली दिवाळखोरीची नोटीस येथेच बाजूला ठेवू. त्या प्रक्रियेसाठी थकबाकी किमान एक कोटी रुपयांची लागते. ही मर्यादा मार्च २०२० मध्ये एक लाखावरून वाढवली गेली. तुमची रक्कम तिच्या जवळपासही नाही, आणि असती तरी दिवाळखोरी संहिता हे वसुलीचे साधन नाही, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. कंपनीच्या अनुभवी हिशेबनिसाला ही मर्यादा ठाऊक असते, त्यामुळे पोकळ नोटीस गेली की तुमच्या पुढच्या खऱ्या नोटिशीचे वजनही कमी होते.

वसुलीत २० टक्के मागणाऱ्या वकिलांबद्दल स्पष्टच लिहितो. भारतात वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा वसुलीत वाटा घेणे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी निषिद्ध आहे. काही देशांत ती रीत चालते, आपल्याकडे नाही. 'आधी काही नको' हे ऐकायला गोड वाटते, कारण जोखीम वकील उचलतो असे भासते. प्रत्यक्षात अशा व्यवस्थेत वकिलाचे हित लवकर आणि थोडक्यात तडजोड उरकण्यात गुंतते, आणि सहा लाखांवर तोड झाली की सव्वा लाखाच्या आसपास त्याच्याकडे जाऊन तुम्ही निम्म्याहूनही कमी रकमेवर घरी येता. शिवाय जो पहिल्याच भेटीत व्यवसायाचा नियम मोडायला तयार आहे, त्याच्या हाती तुमचे मूळ चेक सोपवावेत का, हा विचार करा.

पोलिसांचा मार्ग सुचवणाऱ्यांबद्दलही तितकेच सावध राहावे. घेतलेल्या मालाचे पैसे न देणे हा करारभंग आहे. फसवणूक ठरण्यासाठी व्यवहार करतानाच लुबाडण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते. तुमच्या प्रकरणात कंपनीने पूर्वीची कित्येक बिले चुकती केली होती, हे तुमच्याच खातेवहीत आहे. तेव्हा तक्रार बहुधा 'दिवाणी स्वरूपाची' असा शेरा मारून परत येईल. आठवड्यात पैसे येतील असे सांगणारे, कधीकधी पोलीस ठाण्यात बोलावून दम देण्यावर भिस्त ठेवून असतात. त्या वाटेने जाऊ नये, आणि वसुलीचे काम 'घेणाऱ्या' तिऱ्हाइतांच्या वाटेने तर मुळीच जाऊ नये, कारण धमकीचा गुन्हा शेवटी काम देणाऱ्याच्या नावावरही लागतो.

तुमच्याकडे या सगळ्यापेक्षा सरस असा एक मार्ग आहे, आणि तुमच्या पत्रातील दोघाही वकिलांनी त्याचा उल्लेख केला नाही याचे मला आश्चर्य वाटले. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघू उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत, आणि काहीही ठरले असले तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे द्यायचे असतात. ते दिले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. बँक दर २०२३ पासून साडेपाच ते पावणेसात टक्क्यांच्या दरम्यान राहिला आहे, म्हणजे तिप्पट धरल्यास साधारण साडेसोळा ते सव्वावीस टक्के. अडीच वर्षांत हा आकडा काय होतो ते तुम्हीच तक्ता मांडून पाहा. बिलावर व्याजाची अट छापलेली नसली तरी ते लागते. या रकमेसाठी राज्य शासनाच्या सूक्ष्म व लघू उपक्रम सुकरता परिषदेकडे अर्ज करता येतो, आणि तो ऑनलाइन भरता येतो. पुरवठादार जेथे आहे तेथील परिषदेला हे प्रकरण चालवता येते, खरेदीदार देशात कोठेही असो, त्यामुळे प्रत्येक तारखेला पुणे गाठण्याची वेळ येत नाही. परिषद आधी समेट घडवून पाहते, तो फसला तर लवादाप्रमाणे निवाडा देते. त्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम आधी न्यायालयात भरावी लागते, आणि ही एकच अट अनेक मुजोर ऋणकोंना तडजोडीच्या टेबलावर आणते. दाव्यासारखी रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी येथे लागत नाही. कायद्यात ९० दिवसांत निकालाची अपेक्षा लिहिलेली असली तरी प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, हेही धरून चाला. एक सूचना इतर वाचकांसाठी: केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळत असली तरी ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती आहे, ४५ दिवसांच्या या तरतुदीचा लाभ त्यांना त्यातून मिळत नाही. तुम्ही उत्पादन करता, आणि तुमची नोंदणी पुरवठ्यापूर्वीची आहे. नोंदणी नंतर केलेल्या उद्योगांना हा लाभ मिळतो की नाही यावर न्यायालयांत वाद झाले आहेत, तुम्हाला त्यात पडावे लागणार नाही.

डेबिट नोटेचे उत्तरही याच कायद्यात आहे. मालाबद्दल तक्रार असेल तर खरेदीदाराने ती माल पोहोचल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी करायची असते. तशी केली नाही तर माल पोहोचला त्या दिवशीच तो स्वीकारला असे धरले जाते. वर्षभराने, चेक परत आल्यावर, एकाएकी आठवलेले रिजेक्शन परिषदेसमोर फारसे टिकू नये. पण 'टिकू नये' आणि 'टिकणार नाही' यांत अंतर आहे. डेबिट नोट शांतपणे फाइलला लावून ठेवू नका. आजच ईमेलने आणि स्पीड पोस्टने दोन ओळींचे उत्तर पाठवा की, ही डेबिट नोट आम्हाला अमान्य आहे, माल मिळाल्यापासून १५ दिवसांत कोणतीही लेखी तक्रार आली नव्हती, आणि कथित रिजेक्ट माल आजपर्यंत परत आलेला नाही. तुमच्या यजमानांनी गेटपास वही तपासून, एखादी पेटी खरोखरच परत आली होती का, हे आधी पाहावे. आली असेल तर तेवढे बिल प्रामाणिकपणे कमी करून मगच उत्तर द्यावे. सी.ए.ना हेही विचारा की कंपनीने तुमच्या बिलांवरील जीएसटीची इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरील कराची वजावट, घेतली आहे का. माल नाकारला म्हणायचे आणि त्यावरचे क्रेडिट मात्र घ्यायचे, ही विसंगती कोणत्याही लवादाला चटकन दिसते. १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते, आणि सूक्ष्म व लघू उद्योगांची देणी मुदतीत न दिल्यास ती आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून वजा मिळत नाहीत. नोटिशीत याचा संयत उल्लेख केला की तो संचालकांपेक्षा त्यांच्या लेखापरीक्षकांना अधिक झोंबतो.

आता मुदतीविषयी, कारण तुमच्या सर्वांत जुन्या बिलाला दोन वर्षे सात महिने झाले आहेत आणि ही बाब मला चेकखालोखाल तातडीची वाटते. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत तीन वर्षांची असते. उधारीचा काळ ठरलेला असेल तर तो संपल्यापासून, नसेल तर माल दिल्यापासून ती मोजतात. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून देणे मान्य केले तर तेथून नवी तीन वर्षे मिळतात. मध्ये आलेल्या ५० हजारांमुळे मुदत वाढली असे तुम्हाला कोणी सांगेल. कायद्यात अशी तरतूद आहे, पण तिला पैसे देणाऱ्याची लेखी खूण लागते, आणि ते पैसे कोणत्या बिलापोटी आले हा वाद वेगळाच. त्यावर विसंबू नये, प्रत्येक बिलाची मुदत त्या बिलाच्या तारखेवरूनच मोजावी. परिषदेकडे जायचे की वाणिज्यिक दावा करायचा, आणि जुन्या बिलांची मुदत तोपर्यंत कशी सांभाळायची, हा खरा वकिलाच्या अकलेचा प्रश्न आहे, आणि तो तुम्ही वकिलाला तारखांसह लेखी विचारावा. दावा करायचा ठरल्यास, तीन लाखांवरील व्यापारी वादात तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीला जाणे बंधनकारक आहे. त्यात गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो. ही पायरी गाळून दाखल केलेला दावा परत फिरतो, आणि ती पायरी ठाऊक नसलेले वकील अजूनही आढळतात.

आणखी एक सापळा तुमच्या पत्रातच दडलेला आहे. 'यजमान आणि दीर भागीदारीत चालवतात' असे तुम्ही लिहिले. ही भागीदारी संस्था निबंधकांकडे नोंदवलेली आहे का? जीएसटी क्रमांक किंवा उद्यम नोंदणी म्हणजे ही नोंदणी नव्हे. नोंद नसलेल्या भागीदारी संस्थेला करारातून आलेल्या हक्कासाठी तिऱ्हाइतावर दिवाणी दावा करता येत नाही, आणि समोरचा वकील हुशार असला तर पहिला आक्षेप हाच घेईल. नोंदणी नसेल तर आधी ती करून घ्या.

एवढी तयारी झाली की वकील शोधणे बरेच सोपे होते. नातेवाइकांकडून आलेल्या नावांपेक्षा ज्यांनी तुमच्यासारखीच वसुली प्रत्यक्ष करून पाहिली आहे त्यांना विचारा. शिरोलीतील 'स्मॅक', गोकुळ शिरगावची 'गोशिमा' आणि कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या संघटनांत सुकरता परिषदेची पायरी चढलेले उद्योजक नक्की भेटतील. त्यांना 'वकील चांगला आहे का' असे न विचारता 'पैसे हातात यायला किती काळ लागला, आणि मध्ये वकिलाने किती वेळा स्वतःहून फोन केला' असे विचारा. दोन-तीन नावे निघाली की ई-कोर्ट्सवर वकिलाच्या नावाने शोध घ्या. कोल्हापूर न्यायालयात त्यांची किती आणि कोणत्या प्रकारची कामे चालू आहेत हे तेथे दिसते; जमिनीचे आणि घटस्फोटाचे दावे भरपूर, पण चेकच्या तक्रारी आणि दरखास्ती, म्हणजे अंमलबजावणीची प्रकरणे, जवळपास नाहीत असे दिसले तर नम्रपणे दुसरे नाव पाहावे. शक्य असेल तर कसबा बावडा येथील न्यायसंकुलात एक सकाळ काढा आणि त्या वकिलांचे काम पुकारले जाते तेव्हा ते स्वतः उभे राहतात की रोज नवा कनिष्ठ येऊन तारीख मागतो, ते पाहा. वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यामुळे 'शंभर टक्के रिकव्हरी' असे फलक लावणाऱ्यांची सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तपासून घ्यावी. तेथे कधीकधी वकील नसून मध्यस्थच सापडतो.

कोल्हापूरचा वकील घ्यावा की पुण्याचा, हे तुम्ही विचारले नाही, पण विचारायला हवे होते. चेकची तक्रार तुमचे खाते ज्या बँक शाखेत आहे त्या हद्दीतील न्यायालयात चालते, परिषदेचे काम पुरवठादाराच्या बाजूला चालते, म्हणजे दोन्ही कामे तुमच्या बाजूच्या वकिलाला करता येतील. पण अंमलबजावणीसाठी हुकूमनामा किंवा निवाडा शेवटी मालमत्ता जेथे आहे तेथे, बहुधा पुणे जिल्ह्यात, न्यावा लागतो. म्हणून कोल्हापूरचाच वकील निवडा आणि त्याला पहिल्या भेटीत विचारा की पुण्यात अंमलबजावणीची वेळ आली तर ते कोणाबरोबर काम करतात आणि त्याची फी कशी मोजली जाईल.

फी लेखी ठरवा: नोटीस, परिषदेचा अर्ज, चेकची तक्रार आणि अंमलबजावणी यांची टप्प्याटप्प्याने वेगवेगळी, आणि टंकलेखन, नोटरी, प्रोसेस फी (समन्स बजावणीची फी) हे किरकोळ खर्च कोणाकडे हेही. परिषदेच्या समेटाच्या टप्प्यात तुम्ही स्वतः हजर राहू शकता, तेव्हा केवळ अर्ज आणि व्याजाचा तक्ता वकिलाकडून तपासून घेऊन त्या टप्प्यावरची फी वाचवता येते. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचा. त्यात तुमच्या वतीने तडजोड करण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार छापलेला असतो. तडजोड तुमच्या लेखी संमतीनेच व्हावी आणि पैसे फर्मच्या खात्यातच यावेत, असे त्यावर हाताने लिहून घ्यायला कोणताही सज्जन वकील हरकत घेणार नाही. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. मूळ चेक आणि मेमो देताना पोच घ्या. पुढे पटले नाही तर वकील बदलता येतो, आणि फीच्या वादापायी वकिलाने फाइल अडवून ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच ठरवून दिले आहे. वकिलाने गैरवर्तन केले तर दाद बार कौन्सिलकडे मागायची; ग्राहक आयोगाचा मार्ग मे २०२४ च्या निकालाने बंद झाला आहे.

पहिल्या भेटीला जाताना जाडजूड फाइलपेक्षा एकच तक्ता न्या. बिल क्रमांक, तारीख, रक्कम, खरेदी आदेशाचा क्रमांक, चलनावर शिक्का व सही आहे का, माल पोहोचल्याची तारीख, ४५ दिवस कधी संपले, तीन वर्षे कधी संपतात, या बिलापोटी काही आले का, आणि लेखी तक्रार आली का. नऊ ओळींचा हा तक्ता वकिलाला अर्ध्या तासात प्रकरण समजावतो. ज्या चलनावर शिक्का आहे पण सही नाही, त्या ओळीसमोर खूण करा. वकिलाने ती दुसऱ्या बाजूकडून ऐकू नये. व्हॉट्सॲपवरचे 'पुढच्या आठवड्यात नक्की करतो' हे संदेश पुसू नका आणि तो फोनही बदलू नका, कारण त्यांची छापील प्रत पुराव्यात देताना भारतीय साक्ष अधिनियमाप्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ उपकरण हाताशी असलेले बरे.

यजमानांच्या काळजीबद्दल. संबंध तुटतील ही भीती खोटी नाही, आणि कोल्हापूरच्या उद्योगात एका ग्राहकावर दुकान अवलंबून असण्याची वेळ कितीतरी जणांवर येते. पण ज्या कंपनीने दोन चेक परत पाठवून वर डेबिट नोट धाडली, तिने संबंधांचा विचार आधीच केलेला आहे. बाकीच्या थकबाकीच्या नोटिशीपूर्वी एक संधी अवश्य द्यावी: यजमानांनी स्वतः पुण्याला जाऊन, थकबाकी मान्य असल्याच्या पत्रावर संचालकांची सही आणि हप्त्यांच्या तारखा मागाव्यात. सही मिळाली तर जुन्या बिलांची मुदत नव्याने सुरू होईल, न मिळाली तर समोरच्याचा इरादा उघड होईल. मात्र चेकच्या नोटिशीचे ३० दिवस या भेटीसाठी थांबणार नाहीत. ती नोटीस आधी टपालात पडू द्या.

नव्या ऑर्डरवर माल पाठवायचा असेल तर आगाऊ पैसे खात्यात जमा झाल्यावरच पाठवा, आणि ते नव्या ऑर्डरचेच आहेत हे त्यांच्या ईमेलमध्ये लिहून घ्या, नाहीतर उद्या तीच रक्कम जुन्या थकबाकीपोटी दिली होती असे म्हटले जाईल आणि नव्या मालाचे बिलही थकबाकीत जाऊन बसेल. ऑर्डर स्वीकारताना तुमच्या उद्यम क्रमांकाचा उल्लेख, मालाबद्दलची तक्रार १५ दिवसांत लेखी करण्याची अट आणि वाद झाल्यास कोल्हापूर न्यायालयाचे कार्यक्षेत्र, या तीन ओळी तुमच्या स्वीकृतीपत्रावर छापून घ्या. आगाऊ द्यायला त्यांनी नकार दिला, तर या ऑर्डरसाठीचा कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, साठा दुसऱ्या ग्राहकाच्या कामाला लावता येतो का, हे दिरांना आजच विचारा.